घराचा अजमास आणि घरमालकाची तेरीज

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बोरगाव मेघे येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या वर्षी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी काही इंजिनियर नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या नोकरीस लागलो आणि आयुष्यभर मुलांना बेरीज, वजाबाकी, क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवीत आलो. परंतु सेवानिवृत्तीनंतर एक काम आपोआप माझ्याकडे चालत आले. घर बांधावयास काढलेली मंडळी ठेकेदाराने दिलेला कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "गुरुजी, यात काय लिहिले आहे ते जरा सांगा." कधी ठेकेदार स्वतःच येतो. तो आपल्याच समाजाचा, पुष्कळदा माझाच विद्यार्थी असतो. तो म्हणतो, "गुरुजी, मी सगळे खरे लिहिले आहे, तरी मालक ऐकत नाही." या दोन तक्रारींचा विचार करता करता जे सुचले तेच आज आपणापुढे मांडणार आहे.

आपल्या पूर्वजांच्या हाती ओळंबा, गुण्या आणि थापी होती. आज आपले तरुण मिस्त्री आहेत, ठेकेदार आहेत, नकाशे काढणारे आहेत, सरकारी कामावर देखरेख करणारे आहेत. हातातील कसब कोठेच कमी पडलेले नाही. कमी पडते ते कागदावर. भिंत ओळंब्यात असते, पण त्या भिंतीचा कागद तिरपा असतो. आणि अलीकडे आपल्या माणसांची जी भांडणे होतात, ती भिंतीवरून होत नाहीत, कागदावरून होतात.

आपली मराठी भाषा हिशेबाच्या बाबतीत दरिद्री नाही. जुन्या दप्तरांतून दोन शब्द आढळतात, अजमास आणि तेरीज. अजमास म्हणजे होणाऱ्या खर्चाचा आधी बांधलेला अंदाज. तेरीज म्हणजे तपशीलवार हिशेबाचा थोडक्यात काढलेला गोषवारा. आजच्या व्यवहारात आपण अंदाजपत्रक आणि कोटेशन म्हणतो. शब्द कोणतेही वापरा, पण हे दोन कागद दोन वेगळ्या माणसांसाठी असतात, हे ध्यानात ठेवा. अजमास बांधणाऱ्यासाठी, तेरीज राहणाऱ्यासाठी. आपले ठेकेदार अजमासच घरमालकाच्या हाती देतात, किंवा याच्या अगदी उलट, अजमास न करताच एका ओळीची तेरीज देतात. दोन्ही प्रकार घातक आहेत.

सार्वजनिक बांधकाम खात्याची पद्धत पाहा. तेथे अंदाजपत्रकाचे तीन भाग असतात. पहिला मोजमापांचा तक्ता, ज्यात प्रत्येक बाबीची संख्या, लांबी, रुंदी, उंची आणि त्यावरून निघालेले परिमाण असते. दुसरा दरांचे पृथक्करण, म्हणजे एका परिमाणाला माल किती, मजुरी किती, वाहतूक किती. तिसरा गोषवारा, ज्यात परिमाण आणि दर यांचा गुणाकार करून बेरीज मांडतात आणि आकस्मिक खर्चाची तरतूद करतात. पद्धत निर्दोष आहे. परंतु ती एका जाणकाराने दुसऱ्या जाणकारासाठी लिहिलेली असते. खात्याचा अभियंता ती वाचतो, तपासतो आणि मंजूर करतो. बोरगावचा घरमालक अभियंता नाही. तो गिरणीतून, रेल्वेतून किंवा कचेरीतून निवृत्त झालेला असतो. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे आणि पत्नीचे चार दागिने एवढीच त्याची तिजोरी असते. त्याला तो गोषवारा समजत नाही. आणि जे समजत नाही त्यावर माणूस एकतर आंधळा विश्वास ठेवतो किंवा आंधळा संशय घेतो.

आता एक उदाहरण घेऊ. अजमासातील ओळ अशी असते: "पीसीसी १:४:८, १२ नग, ५ × ५ × ०.५, एकूण १५० घनफूट." या ओळीत खोटे काहीच नाही. परंतु घरमालकासाठी हीच गोष्ट अशी लिहावी: "घराला १२ खांब आहेत. प्रत्येक खांबाच्या खड्ड्याच्या तळाशी सहा इंच जाडीचा काँक्रीटचा थर देऊ. त्यात एक भाग सिमेंट, चार भाग रेती, आठ भाग गिट्टी राहील. एकूण काम दीड ब्रास." आकडा तोच, काम तेच. फरक इतकाच की आता मालक खड्ड्याच्या काठावर उभा राहून फूटपट्टी लावू शकतो. ज्या वाक्यावरून मालकाला काम तपासता येते, ते वाक्य तेरजेत शोभते. ज्या वाक्यावरून तपासता येत नाही, ते अजमासातच राहू द्यावे.

आता सर्वांत मोठ्या घोळाकडे वळतो. तो म्हणजे चौरस फुटाचा भाव. "पंधराशे रुपये फूट, मालासकट" एवढ्या चार शब्दांवर आपल्याकडे घरे उभी राहतात. पण कोणता फूट? समजा, आतून ३० फूट लांब आणि २० फूट रुंद असे घर आहे. आतील मोजमाप ६०० चौरस फूट. चारी बाजूंच्या नऊ इंची भिंती धरल्या, तर बाहेरून मोजमाप साडेएकतीस गुणिले साडेएकवीस, म्हणजे ६७७.२५ चौरस फूट होते. आणि स्लॅब चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढला, तर स्लॅबचे मोजमाप साडेपस्तीस गुणिले साडेपंचवीस, म्हणजे ९०५.२५ चौरस फूट होते. आता १५०० रुपयांनी गुणा. पहिल्या मापाने ९,००,००० रुपये, दुसऱ्या मापाने १०,१५,८७५ रुपये आणि तिसऱ्या मापाने १३,५७,८७५ रुपये. घर एक, भाव एक, आणि किमतीत साडेचार लाखांहून अधिक अंतर! (हे भाव मी गुणाकार सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, बाजारभाव म्हणून कोणी धरू नयेत.) मालकाच्या मनात पहिले माप असते, ठेकेदाराच्या मनात तिसरे. दोघेही मान डोलवतात, इसार देतात-घेतात आणि नारळ फोडतात.

केंद्र सरकारने २०१६ साली स्थावर संपदेचा कायदा केला. आपल्या राज्यात त्याचे प्राधिकरण, ज्यास महारेरा म्हणतात, ते २०१७ पासून काम करीत आहे. त्या कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या दिली आहे: बाहेरच्या भिंती, त्या घरापुरती असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि मोकळी गच्ची वगळून जे वापरण्याजोगे क्षेत्र उरते ते; मात्र आतल्या दुभाजक भिंती त्यात धरावयाच्या. हा कायदा मोठ्या गृहप्रकल्पांसाठी आहे, एकट्या माणसाच्या प्लॉटवरील घराच्या ठेक्यासाठी नाही, हे खरे. पण चांगली व्याख्या उसनी घेण्यास कोणाची मनाई आहे? माझे म्हणणे इतकेच की तेरजेत तिन्ही मापे एकाखाली एक लिहावीत आणि भाव कोणत्या मापावर लावला आहे ते स्पष्ट नोंदवावे. एवढ्या तीन ओळींनी निम्मी भांडणे जन्मालाच येणार नाहीत.

या ठिकाणी मला जवळून पाहिलेली एक हकीकत सांगणे भाग आहे. नावे सांगत नाही, कारण दोन्ही घरे आपलीच आहेत. एका निवृत्त गृहस्थाने ज्ञातीतीलच एका होतकरू ठेकेदाराला घर दिले. अर्ध्या कागदावर भाव लिहिला होता; त्याखाली दोघांच्या सह्या. पाया खणताना काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघाली. ठेकेदाराने इमानाने खोल खणले आणि खर्च वाढला. पुढे स्लॅबच्या मापावरून बिल आले, तेव्हा मालक चकित झाला. काम लिंटलपर्यंत आल्यावर थांबले होतेच. आता बोलणेही थांबले. कागद वाचण्यासाठी मला बोलाविले. मी दोघांचे ऐकले. सज्जनहो, दुःखाची गोष्ट ही की दोघेही खरे बोलत होते. ठेकेदाराने एक पोते सिमेंटही लपविले नव्हते. मालकाने एक रुपयाही बुडविला नव्हता. पण अर्ध्या कागदावर पायाचा उल्लेख नव्हता, स्लॅबचा नव्हता, जादा कामाचा नव्हता. तो पावसाळा त्या उघड्या भिंतींनी अंगावर घेतला. पुढच्या वर्षी घर पूर्ण झाले. परंतु दोन घरांत होऊ घातलेली सोयरीक मोडली ती मोडलीच. आजही ती दोन कुटुंबे एकमेकांच्या कार्याला जात नाहीत. भिंतीची भेग सिमेंटने भरता येते. ही भेग कशाने भरावी?

म्हणून मी आता तेरजेत काय असावे ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, काय बांधणार. कोणता नकाशा, किती खोल्या, तिन्ही मापे, उंची किती. नंतर कामाच्या बाबी, पण दरसूचीच्या क्रमाने नव्हे, घर जसे उभे राहते त्या क्रमाने: पाया, जोते, खांब व भिंती, स्लॅब, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, नळ व संडास, वीज, रंग. प्रत्येक बाबीसमोर एक-दोन वाक्ये आणि एक रक्कम. दाराचे लाकूड कोणते, फरशीचा भाव पेटीमागे किती धरला, दिव्यांची ठिकाणे किती, हे आकड्यांनिशी लिहावे. "उत्तम प्रतीचे" हा शब्द तेरजेतून हद्दपार करावा. उत्तम म्हणजे काय हे प्रत्येकाच्या मनात वेगळे असते. बिलाच्या दिवशी ती दोन मने समोरासमोर येतात.

दुसरी गोष्ट, काय बांधणार नाही. हा भाग बहुतेक कागदांत नसतो, आणि खरे पाहता हाच सर्वांत महत्त्वाचा. कुंपणाची भिंत, फाटक, बोअरवेल, पाण्याची टाकी, शोषखड्डा, वीजमीटरचा खर्च, नकाशाच्या मंजुरीचा खर्च, अंगणातील भर, यांपैकी जे धरले नसेल ते स्पष्ट नाकारावे. तरुणांना भीती वाटते की नकार लिहिला तर गिऱ्हाईक जाईल. मी सांगतो, नकार वाचून जाणारे गिऱ्हाईक बिल वाचून अधिक रागाने जाते, आणि जाताना आणखी दहा गिऱ्हाइके घेऊन जाते.

तिसरी गोष्ट, काय अनिश्चित आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात कपाशीला वरदान ठरलेली काळी माती घराला मात्र शाप ठरते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. त्या हालचालीने पाया हलतो आणि भिंतीला तिरप्या भेगा पडतात. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जावे लागते, आणि तो किती खाली आहे हे खणण्यापूर्वी खात्रीने कोणी सांगू शकत नाही. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी बुडाशी फुगीर असे विशेष खांब शोधून काढले, यावरूनच या प्रश्नाचे गांभीर्य दिसते. आता हिशेब पाहा. १२ खड्डे, प्रत्येक ५ फूट लांब आणि ५ फूट रुंद. तीन फूट अधिक खोल जावे लागले, तर ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास खोदाई वाढली. शिवाय प्रत्येक खांबाची उंची तीन फुटांनी वाढली, म्हणजे एकंदर ३६ फूट खांब, त्याचे लोखंड, सिमेंट आणि मजुरी वाढली. हे आधीच असे लिहावे: "पाया जमिनीपासून ५ फूट खोल धरला आहे. अधिक खोल जावे लागल्यास दर फूट खोलीस अमुक रुपये जादा पडतील. कमी खोलीवर खडक लागल्यास त्याच दराने रक्कम कमी होईल." या वाक्याचा दुसरा अर्धा भाग विसरू नका. वाढ लिहितो आणि घट लिहीत नाही, त्या कागदावर कोणाचा विश्वास बसावा?

भावांचेही तसेच. पावसाळ्यात नदीपात्रातील रेतीचा उपसा बंद असतो आणि रेती महागते, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते, राहणाऱ्याला नसते. उलट, २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांनी ऑगस्टमध्ये कोटेशन दिले होते, त्यांच्या मालकांनी विचारलेच असेल की हा फायदा कोणाचा? म्हणून कोटेशन किती दिवसांपर्यंत बांधील आहे, त्यानंतर सिमेंट-लोखंडाचा भाव चढला किंवा उतरला तर काय, आणि कर रकमेत धरला आहे की वेगळा लागणार, या तीन गोष्टी लिहिणे अगत्याचे आहे. एका स्वतंत्र घराचे केवळ मजुरीचे काम घेतले, तर त्यावर हा कर माफ आहे. मालासकट काम घेणाऱ्या नोंदणीकृत ठेकेदारास तो लागतो. हे समजावून न सांगता शेवटच्या बिलात कर दिसला, की मालकाला ती लबाडी वाटते.

चौथी गोष्ट, पैसे केव्हा. रकमेचे दहा भाग करावेत. इसार १ भाग, जोत्यापर्यंत २, लिंटलपर्यंत २, स्लॅब पडल्यावर २, गिलावा आणि फरशी झाल्यावर २, ताबा देताना १. भाग परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त करावेत, परंतु तत्त्व असे की पैसा कामाच्या फार पुढे धावू नये आणि फार मागेही राहू नये. सरकारी घरकुलाच्या योजनेत हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधलेले असतात आणि टप्पा पूर्ण झाल्याचे छायाचित्र घेतले जाते; ही शिस्त खासगी कामातही घेण्याजोगी आहे. आपल्याकडील शेतकरी मालकाच्या हाती पैसा कापूस विकल्यावर येतो, हेही ध्यानात घ्यावे. स्लॅबचा हप्ता ऐन पेरणीच्या दिवसांत यावा अशी आखणी करणाऱ्याला गणित येत असेल, माणसे येत नाहीत.

मोजण्याच्या रीतीही एका ओळीत समजावून द्याव्यात. भारतीय मानकांत मोजमापाचे नियम ठरलेले आहेत. गिलाव्याचेच पाहा. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करीत नाहीत. त्याहून मोठी, पण तीन चौरस मीटरपर्यंतची जागा असल्यास भिंतीच्या एकाच बाजूची वजावट करतात. त्याहून मोठी असल्यास दोन्ही बाजूंची. तीन बाय सातचे दार २१ चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे दोन चौरस मीटरचे. त्याची एकाच बाजूची वजावट होते. मालक म्हणतो, "दाराच्या पोकळीवर गिलावा केला आणि पैसे घेतले!" वास्तविक दुसरी बाजू सोडण्याचे कारण असे की चौकटीच्या कडांना जो गिलावा करावा लागतो तो वेगळा मोजीत नाहीत. नियम न्याय्य आहे. पण न सांगितलेला न्याय अन्यायासारखाच दिसतो.

लोखंडाचेही एक सोपे गणित मालकाला द्यावे. सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्यास १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत येते. १२ मिलिमीटरची सळई घेतली तर १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ०.८९ किलो, १२ मीटर लांबीची पूर्ण सळई सुमारे १०.६७ किलोची. थोडाबहुत फरक मान्य असतो. आता मालक सळया मोजून वजनाची पावती स्वतः पडताळू शकतो. ज्याचा माल चोख आहे त्याने अशी किल्ली मालकाच्या हाती देण्यास का भ्यावे?

आता कामाच्या अहवालाकडे येतो. कोटेशन हे वचन आहे. अहवाल हा त्या वचनाचा ताळेबंद. प्रत्येक टप्प्यास एक पान पुरे. समजा, ठरलेली रक्कम १०,००,००० रुपये, आणि काम लिंटलपर्यंत झाले. वरच्या भागांप्रमाणे ५,००,००० रुपये देणे झाले, मिळाले ४,२०,०००, बाकी ८०,०००. पाया जादा खोल गेल्याचे, आधी लिहून ठरलेल्या दराने, २७,०००. एकूण येणे १,०७,००० रुपये. खाली दोन ओळी: पुढील टप्पा कोणता, त्याला किती दिवस, आणि मालकाने कोणत्या गोष्टी ठरवून द्यावयाच्या आहेत. "फरशीचा रंग अमुक तारखेपर्यंत सांगावा, अन्यथा काम थांबेल" हे लिहिलेले असले की विलंबाचा दोष कोणाचा यावर वाद होत नाही. आणि जादा काम, मग ते एका फळीचे का असेना, करण्यापूर्वी लिहून सही घ्यावी. काम झाल्यावर सांगितलेली किंमत मागणी वाटते. आधी सांगितलेली किंमत निवड वाटते.

अलीकडे एक नवे साधन आले आहे. संगणकात किंवा मोबाइलमध्ये अजमास घातला की कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात सोप्या भाषेत पत्र तयार करून देते. आपल्या तरुणांनी त्याचा उपयोग अवश्य करावा. शुद्धलेखनाची लाज वाटून कागद न देण्यापेक्षा ते कितीतरी बरे. परंतु तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात. बेरीज पुन्हा करावी. अजमासात नसलेले एखादे आश्वासन, जसे "दहा वर्षांची हमी", पत्रात शिरले नाही ना ते पाहावे. आणि जे धरलेले नाही त्याची यादी गोड भाषेत विरघळून गेली नाही ना, ते पाहावे. पत्र कोणीही लिहो, खाली सही आपली असते. आणि १८७२ च्या करार कायद्यापुढे किंवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापुढे, ज्यात घरबांधणी ही सेवा मानली आहे, उत्तर द्यावयाचे ते सही करणाऱ्यानेच.

या हिशेबी वृत्तीचा वारसा आपल्याला दूर शोधावा लागत नाही. येथून थोड्याच अंतरावर सेवाग्राम आहे. १९३६ साली महात्माजी तेथे, तेव्हाच्या शेगाव खेड्यात, राहावयास आले. तेथील कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कौले अशा जवळपास मिळणाऱ्या साहित्याने आणि गावच्या कारागिरांच्या हातांनी उभ्या राहिल्या. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस. बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीच्या हिशेबाची जबाबदारी त्यांनी सांभाळली होती. साधे घर आणि चोख हिशेब ही या मातीची शिकवण आहे. त्या कुट्या बांधणारे हात कोणाचे होते? आपल्यासारख्याच कारागिरांचे.

शेवटी मंडळास माझी नम्र सूचना आहे. मंडळाने कोटेशनचा आणि टप्प्याच्या अहवालाचा एकेक नमुना छापून आपल्या प्रत्येक व्यावसायिकास द्यावा. तीन जाणत्या गृहस्थांची एक समिती नेमावी. ज्यास हवे त्याने काम सुरू करण्यापूर्वी आपला कागद त्यांच्याकडून वाचून घ्यावा. भांडण मिटविण्यासाठी पंच नेमण्यापेक्षा भांडण होऊ नये म्हणून वाचक नेमणे स्वस्त पडते.

आणि तरुणांनो, कागद स्पष्ट झाला की नाही याची एक परीक्षा सांगतो. सही करण्यापूर्वी तो मालकाच्या घरी, सर्वांसमक्ष, नववीतल्या मुलीला मोठ्याने वाचावयास सांगा. तिच्या आईला बसवून ऐकवा, कारण ओटा किती उंच, फडताळ कोठे आणि मोरीचे पाणी कोणीकडे, हे तीच विचारील, आणि तेच प्रश्न पुढे भांडणाचे होतात. मुलगी जेथे अडेल तेथे तुमचे वाक्य बदला. आई जेथे प्रश्न विचारील तेथे एक ओळ वाढवा. दोघी न अडता शेवटापर्यंत आल्या, तर समजा की कागद ओळंब्यात आला.

"घर पाहावे बांधून" असे आपले वडीलधारे म्हणत आले, ते घर बांधण्यातील कष्टांमुळे. कष्ट टळणार नाहीत. पण त्यांत संशयाची भर पडू न देणे आपल्या हाती आहे. माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर बांधतो आणि आयुष्याची पुंजी तुमच्या शब्दावर टाकतो. तो शब्द त्याला कळेल असा असावा, एवढीच माझी विनंती.